छगनशेठकडे बघणारा माणूस

सावरदरा, ता. पारनेर
८ डिसेंबर २०२४

ती. ताईस नमस्कार.

तुझ्या उंबरवाडीला टेकडीवर चढल्याशिवाय मोबाईलची रेंज येत नाही, हे या वेळी बरं झालं. फोनवर बोललो असतो तर सुरेखानं ऐकलं असतं. हे पाकीट मी स्वतः पोस्टात टाकणार आहे.

लाल कांदा सुरू झाला. बाजाराच्या दिवशी गाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत जाते. मी आदिनाथअण्णांच्या आडतीवर लिलाव पुकारतो. निदान परवापर्यंत पुकारत होतो.

तू आमचा लिलाव कधी पाहिला नाहीस, म्हणून आधी तो सांगतो. एका शेतकऱ्याच्या सारख्या मालाच्या गोण्या एकत्र लावतात, त्याला वक्कल म्हणतात. त्यातली एक गोणी फोडून कांदा खाली ओततात. मी वक्कलाच्या डोक्याशी उभा राहतो. व्यापारी समोर अर्धगोलात. भाव मी पुकारतो. आमच्या बाजारात व्यापारी तोंड उघडत नाहीत. ज्याला चढायचं असेल तो छातीशी एक बोट वर करतो. एखादा नुसती मान हलवतो. शेजारच्याला कळू नये म्हणून ही रीत पडली. ते बोट मी टिपायचं आणि भाव पुढे न्यायचा. आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी शिकवत नाही. भाव अडला की पुकारणारा एखाद्या व्यापाऱ्याकडे बघत राहतो. असं बघत राहणं म्हणजे त्याला विचारणं, चढता का. आमच्या कामात तोंड निम्मं आणि डोळे निम्मे.

परवा वरच्या वाडीच्या बजरंगचं वक्कल होतं. माल सुका, एकसारखा. मी पुकारत गेलो, छगनशेठवर भाव थांबला, मी गोणीवर थाप मारली. थाप मारली की सौदा पक्का. तेवढ्यात बजरंग पुढे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "शेवगावच्या व्यापाऱ्यानं बोट वर केल्तं. तुमी तिकडं बघितलंच न्हाई. तुमची नजर छगनशेठवरनं हालतच न्हाई. काय ठरलंय तुमचं?"

मी म्हणालो, कुणाचं बोट नव्हतं. शेवगावचा कानिफनाथ हा नवा व्यापारी आहे, माझ्या डावीकडे अगदी कडेला उभा राहतो. तो म्हणाला, होतं. हमालही म्हणाले, होतं.

आता बाजारभर झालं आहे की वैजनाथ छगनशेठला मिळालेला आहे. आदिनाथअण्णांनी सांगितलं, चौकशी होईपर्यंत पुकारू नका, काट्यावर बसून वजनं बघा. चौकशी बाजारातली पंच मंडळी करणार. त्यांच्यापुढे मला उभं राहायचं आहे. डोक्यावर काळे केस होते तेव्हापासून मी वक्कलाच्या डोक्याशी उभा आहे. ती जागा गेली तर मला दुसरं काही येत नाही.

सुरेखाला सांगितलेलं नाही. तिला वाटतं, काट्यावरचा माणूस रजेवर आहे.

बाकी ठीक. चष्म्याचा नंबर बदलला असावा. पेपर वाचताना एकच ओळ दोनदा येते.

तुझा वैजू


उंबरवाडी, ता. अकोले
१७ डिसेंबर २०२४

वैजूस आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझं भात झोडून झालं. शेजारच्या झुंबरबाईनं या वर्षी माझ्या खळ्यावर तिचंही झोडून घेतलं आणि पेंढा मात्र आठवणीनं सगळा घेऊन गेली. तिच्याशी मी चार दिवस बोलत नव्हते. आता बोलते.

तू मला काही विचारलेलं नाहीस, तरी मी तुला विचारते. छगनशेठचं काही खाल्लंस का? पैसे म्हणत नाही मी. दिवाळीचा फराळ, गाडीतून घरापर्यंत सोडणं, सुरेखाच्या दवाखान्याला चिठ्ठी. असल्या गोष्टींची माणसाला सवय लागते आणि मग त्याची मान कडेला वळत नाही. तू म्हणतोस बोट नव्हतं. हमाल म्हणतात होतं. हमालांना खोटं बोलून काय मिळणार आहे?

रागावू नकोस. भाऊबीजेला तू आलास तेव्हापासून माझ्या मनात आहे. मी ओवाळत होते आणि तू माझ्याकडे एकटक बघत होतास. डोळा लवत नव्हता. चेहऱ्यावर हसू नव्हतं. लहानपणी तू खोटं बोलायचास तेव्हा असाच बघायचास, पापणी न हलवता, म्हणजे समोरच्यानं विश्वास ठेवावा. आई फसायची, मी कधी फसले नाही. त्या दिवशीच वाटलं, याच्या पोटात काहीतरी आहे.

काही घेतलं असेल तर परत कर आणि पंचांना सांग. नसेल घेतलं तर मला सांग. पण सुरेखाला आधी सांग. बाजारातली गोष्ट बाजारात राहत नाही.

ताई


सावरदरा
२८ डिसेंबर २०२४

ती. ताईस.

छगनशेठचा मी चहासुद्धा घेत नाही. तो चहात साखर फार घालतो.

तुझं पत्र वाचून मी त्याच्याकडेच गेलो. म्हटलं, तुम्ही तरी सांगा, आपलं काय ठरलंय? तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "वैजूभाऊ, हे मीच तुमाला इचारणार हुतो. तुमी माझ्याकडं असं बघता की मला वाटतं, माणूस अडून बसलाय, चढल्याबिगर सोडत न्हाई. लाजंकाजं मी चढतो. ह्या मोसमात मी सगळ्यात म्हाग कांदा घेतलाय. आन बाजार म्हणतोय मला सस्तात मिळतो."

म्हणजे शेतकरी म्हणतात मी त्याला राखतो, आणि तो म्हणतो मी त्याला पिळतो. मी दोन्ही करत नव्हतो. मी सगळ्यांकडे बघत होतो. मला तरी तसं वाटत होतं.

काट्यावर आता रोज बसतो. काल एका गाडीतल्या गोण्या सडक्या निघाल्या. हमालांनी नाकाला रुमाल लावले. मला वास आला नाही. त्यांना वाटलं, मी मुद्दाम तोंड दुसरीकडे करून बसलो आहे. कुणाचा तरी माल झाकतो आहे. आता मी काहीही केलं तरी त्याचा तोच अर्थ होतो.

भाऊबीजेला मी तुझ्याकडे कसा बघत होतो मला माहीत नाही. तुला बघून बरं वाटलं होतं एवढं आठवतं.

सुरेखाला सांगितलेलं नाही. नवीन चष्मा आणला. ओळ अजून दोनदा येते.

वैजनाथ


सावरदरा
१२ जानेवारी २०२५

सौ. सुरेखाचा वन्संना नमस्कार.

तुम्हाला माझं पत्र बघून नवल वाटेल. यांनी तुम्हाला पत्रं लिहिली ते मला कळलं आहे. काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. पण बाजारातलं सगळं मला साळूबाईनं सांगितलं, ती भाजी घेऊन बाजारात बसते. मला म्हणाली, तुझा नवरा मोठा माणूस झाला, छगनशेठच्या खिशात राहतो. मी तिला काय बोलले ते लिहीत नाही.

वन्सं, मी तुम्हाला दुसरंच सांगणार आहे. दिवाळीच्या आधीपासून हे माझ्याकडे बघत बसायचे. मी भाकरी करते, हे बघतायत. मी धुणं वाळत घालते, हे बघतायत. तोंडावर काही नाही, राग नाही, हसू नाही. मला वाटलं माझं काही चुकलं. मग मला राग आला की चुकलं तर सांगा ना. मग मीही बोलणं बंद केलं. एका घरात दोघं मुकी. पोरीकडचा नातू आला होता, तो यांच्या मांडीवर बसला, वर बघितलं आणि रडायला लागला. म्हणाला, आजोबा रागावले. यांनी त्याला काही केलं नव्हतं.

मग मी लक्ष ठेवायला लागले. चहा बशीत ओततात तो बशीच्या बाहेर जातो. म्हणतात, बशा दोन दिसतात, एक खरी, एक बाजूला. पायरी उतरताना पाय चाचपतात. कडेला काही असलं की डोळा वळत नाही, सगळी मानच वळते, तीही उशिरा. डोळे लाल, जळजळ. वाचायला बसले की एका ओळीवरून खालच्या ओळीवर येताच येत नाही, पुन्हा तिथेच जातात, मग पेपर घडी करून ठेवतात. दोन चष्मे झाले. तिसऱ्या वेळी मी बरोबर गेले, नगरला, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे.

बाईंनी सगळे दिवे मारून बघितले. मग यंत्र बाजूला केलं आणि नुसत्या समोर बसून यांच्याशी बोलत राहिल्या. शेती कुठे, पोरं किती. मला वाटलं वेळ घालवतायत. त्या यांच्या पापण्या बघत होत्या. मग बोट यांच्यासमोरून हळूहळू नेलं. मला म्हणाल्या, तुम्ही बघा. मी बघितलं. बोट सरळ गेलं, डोळे मात्र अडखळत गेले, खड्ड्याच्या रस्त्यावर बैलगाडी जाते तसे. बाई म्हणाल्या, "डोळे चांगले आहेत. डोळे हलवणारा जो आहे तो मेंदूत बसलेला असतो. त्याला दाखवा. मेंदूच्या डॉक्टरांकडे जा, उशीर करू नका."

चिठ्ठी दिली. ती हे खिशात घेऊन आले आणि कपाटात ठेवली. जात नाहीत. मी म्हटलं, चला. म्हणाले, चौकशी होऊ दे. मी म्हटलं, अहो, हेच तर चौकशीत सांगायला पाहिजे. तर म्हणाले, तू गप्प बस.

तुमचं ते ऐकतात. तुम्ही सांगा.

सुरेखा


उंबरवाडी
२१ जानेवारी २०२५

वैजूस.

या पत्रात मी ओळी सोडून लिहिते आहे, अक्षर मोठं काढते आहे. का ते तुला कळेल. सुरेखाचं पत्र आलं. तिच्यावर चिडायचं असेल तर आधी माझ्यावर चीड, कारण मी तुझ्या डोळ्यांत बघितलं आणि खोटेपणा वाचला. तिनं बघितलं आणि राग वाचला. तुझ्या नातवानं पण तेच केलं. बाजारानं छगनशेठ वाचला. एवढी माणसं बघत होती आणि दुखणं फक्त एका परक्या बाईला दिसलं.

आता ऐक. आमच्या गावच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, माझा अंदाज मी सांगणार नाही, तपासणी व्हायलाच हवी. त्यांचं तोंड मात्र अंदाज असल्यासारखं होतं. तू का जात नाहीस हेही मला कळतं. आजार निघाला तर पुकारणं कायमचं जाईल, असं तुला वाटतं. लबाडीचा आरोप पुसता येतो, आजार पुसता येत नाही, असा तुझा हिशोब आहे.

हिशोब चुकीचा असेल असं मी म्हणत नाही. पण तू चिठ्ठी कपाटात ठेवलीस म्हणून आजार कपाटात राहणार नाही.

पुढच्या आठवड्यात मी येते आहे. जीपनं अकोल्यापर्यंत आणि तिथून एस.टी.नं. पाहुणचार नको. आपण तिघं नगरला जाऊ. तुला यायचं नसेल तर सुरेखा आणि मी जाऊ आणि डॉक्टरांना तुझी नक्कल करून दाखवू. मला तुझी नक्कल चांगली येते.

ताई


सावरदरा
९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस नमस्कार.

तू परत पोचलीस हे सुरेखाला फोनवरून कळलं. नगरला तू बाहेर बाकावर बसली होतीस, आत काय झालं ते वाटेत नीट सांगता आलं नाही. गाडीत लोक होते. म्हणून लिहितो. तुझं मागचं पत्र मी ओळीखाली पट्टी धरून वाचलं होतं. हेही पट्टीवर लिहितो आहे. डॉक्टर म्हणाले, तेच करत राहा.

डॉक्टरांनी दोन्ही हात पसरले, एक बोट माझ्या उजवीकडे, एक डावीकडे. म्हणाले, मान हलवायची नाही, मी सांगेन त्या बोटाकडे बघायचं. उजवं. डावं. उजवं. मी बघत गेलो. मला वाटलं, सहज जमलं. शेजारी सुरेखा होती, तिनं तोंडावर हात ठेवला. नंतर म्हणाली, डोळे निम्म्यात थांबत होते, मग थोडे जायचे, मग आणखी थोडे, आणि मग पोचायचे. ताई, मला यातलं काही कळलं नव्हतं. मला मी एका झेपेत पोचलो असंच वाटत होतं.

मग ते गप्प राहिले. मी त्यांच्या नाकाकडे बघत बसलो. त्यांनी न सांगता डाव्या हातानं चुटकी वाजवली. माझे डोळे सरळ तिकडे गेले. सुरेखा म्हणाली, एकदम गेले, न अडखळता.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आपल्या मनानं डोळे न्यायला बघता, तेव्हा ते कमी पडतात. बाहेरून काही हललं, वाजलं, की जातात. वाट शाबूत आहे. निघायचा हुकूम बारीक झालाय."

आजाराचं नाव कंपवात. मी हात पुढे केले, म्हटलं, कापतात का बघा. म्हणाले, सगळ्यांचे आधी कापतातच असं नाही. कुणाला आधी वास येईनासा होतो, कुणाचं अक्षर बारीक होतं, कुणाचा चेहरा हालत नाही. पापण्या कमी लवतात म्हणून जळजळ होते. जवळचं बघायला दोन्ही डोळे आत वळावे लागतात, ते पुरे वळत नाहीत म्हणून बशा दोन. गोळ्या सुरू केल्या. मुळापासून जाणारा आजार नाही हा, पण हळू चालतो, आणि बरोबर घेऊन काम करणारे खूप आहेत, असं म्हणाले. डोळ्यांत टाकायला थेंब दिलेत. घरी येताना मी सुरेखाकडे बघून हसलो. तिनं विचारलं, आता हसलात ना? मी म्हटलं, हो. म्हणाली, सांगत जा.

आता मुद्द्याचं. बजरंगचं खरं होतं. कानिफनाथचं बोट होतं आणि माझे डोळे त्याच्यापर्यंत पोचले नाहीत. हे मला कळलं. पण पंचांपुढे मी हे सांगणार नाही. लबाड म्हणाले तर मी भांडेन. आजारी म्हणाले तर गोड बोलतील, शाल-नारळ देतील, दोन माणसं भाषण करतील आणि मला घरी सोडायला गाडी देतील. शाल घेऊन कुणाशी भांडता येत नाही.

तुझा वैजू


उंबरवाडी
१६ फेब्रुवारी २०२५

वैजूस.

तू गप्प बसलास तर तुझ्याबरोबर छगनशेठही लबाड ठरतो. त्याची साखर जास्त असेल, पण हा दोष त्याचा नाही. आणि ज्यानं खरं सांगितलं तो बजरंग बाजारात भांडखोर ठरतो. त्याच्या मालाला मिळायचा तो भाव मिळाला नाही, हे तुला ठाऊक आहे आणि त्याला फक्त संशय आहे.

तुला तुझी जागा हवी आहे. मलाही ती तुझ्याकडेच राहावीशी वाटते. पण त्या जागेवर उभा राहून तू बजरंगच्या पुढच्या वक्कलाचं काय करणार होतास?

शालीचं म्हणशील तर घेऊ नकोस. कुणी जबरदस्तीनं अंगावर घालत नाही.

ताई


सावरदरा
११ मार्च २०२५

वन्संना सुरेखाचा नमस्कार.

हे स्वतःच तुम्हाला लिहिणार होते पण यांना पट्टी सापडेना, म्हणून तेवढ्यात मीच लिहिते. काल पंचांची बैठक झाली. मीही गेले. बायका जात नाहीत तिथे, पण मी दारातल्या बाकावर बसले, कुणी उठवलं नाही.

आत आदिनाथअण्णा, पंच, सगळे व्यापारी, बजरंग, दहा-पंधरा शेतकरी. हे उभे राहिले. मला वाटलं आता गोळ्यांचं, आजाराचं पाठ केलेलं बोलतील. तर बजरंगकडे वळून म्हणाले, "बोट होतं. मला दिसलं नाही. तुझं नुकसान झालं." मग डॉक्टरांचं सगळं सांगितलं, चुटकीसकट.

मग आदिनाथअण्णा उठले. वन्सं, यांनी म्हटलं होतं अगदी तसंच. वैजनाथभाऊंनी बाजाराची फार सेवा केली, आता त्यांनी आराम करावा, आपण त्यांचा योग्य तो मान राखू. एकानं शालीचं नावसुद्धा काढलं. मला बाकावरून उठावंसं वाटत होतं.

तेवढ्यात बजरंग म्हणाला, "आराम कशापाई? मी कुटं म्हणलं काढा म्हणून? मला वाटलं हुतं माणूस इकला गेलाय. तसं न्हाई म्हणत्यात तर इषय संपला. चुटकी वाजिवली की डोळं जात्यात ना? मग व्यापारी मुकं हायेत का? बोटं कशाला दाखवता, तोंडानं बोला की. आमाला बी कळंल आमच्या कांद्याला कोण काय म्हणतंय."

यावर मात्र गोंधळ झाला. व्यापारी म्हणाले, रीत आहे, बोटानंच चालत आलंय, तोंडानं बोललं की भाव उघडा पडतो. शेतकरी म्हणाले, पडू द्या. पंचांपैकी एक म्हणाला, वैजनाथसाठी सगळा बाजार बदलायचा का. ते ऐकून यांनी खाली बघितलं.

मग छगनशेठ उठले. म्हणाले, "मला चालंल. ह्यांच्या बघण्यानं माझी कमाई गेली. घरी इचारत्यात, शेठ, कांदा बघून घेता का वैजूभाऊचं तोंड बघून?" लोक हसले. हेही हसले. मला बाकावरून कळलं, आता येतं ओळखू.

ठरलं ते असं. पाडव्यानंतर गावरान कांदा सुरू होईल तेव्हा एक बाजार, फक्त आदिनाथअण्णांच्या आडतीवर, तोंडानं बोली. हे पुकारणार. गडबड झाली, एकाही वक्कलाचा वाद झाला तर पुन्हा बोटं आणि हे घरी. बजरंग म्हणाला, माझं वक्कल पहिलं लावा. चांगलं म्हणून म्हणाला की बघायला म्हणून, ते मला कळलं नाही.

गोळ्या वेळेवर देते. चहा बशीत ओतायचा बंद केला, कपातूनच पितात.

सुरेखा


सावरदरा
१० एप्रिल २०२५

ती. ताईस नमस्कार.

काल तो बाजार झाला.

मी पुढे जाऊन उभा राहिलो. मागे नेहमीपेक्षा जास्त लोक. दुसऱ्या आडतींवरचे शेतकरीही आले होते, आपला माल सोडून. बजरंगच्या गोण्या लावल्या होत्या. फोडलेल्या गोणीचा कांदा चकचकीत होता. तो स्वतः वक्कलाला टेकून उभा होता, हाताची घडी घालून.

मी पहिला भाव पुकारला. कुणी तोंड उघडेना. ज्या माणसांनी जन्मभर बोट वर करून माल घेतला त्यांना चार लोकांत आकडा उच्चारायची लाज वाटत होती. मी पुन्हा पुकारलं. आकडा आला नाही. आणि सवयीनं मी बघत राहिलो, कुणाकडे ते तुला कळलंच असेल.

छगनशेठ म्हणाला, "माझ्याकडं बघू नका. मला बोलायचं आसंल तवा मी बोलंन."

सगळे हसले, आणि त्या हसण्यातच डावीकडून आवाज आला. शेवगावचा कानिफनाथ. मी डोळे नेले नाहीत. ते गेले. बघतो तर तो तिथेच होता, कडेला, जिथे तो सगळा मोसम उभा असणार. गोरा, बारीक मिशीचा माणूस आहे. मी त्याला इतका सरळ पहिल्यांदा पाहिला.

मग बोली सुरू झाली. छगनशेठ चढला. मागून एक जण चढला. आवाज आला की डोळे जात होते, कधी डोळ्यांआधी मान जात होती. एकदा दोन आवाज एकदम आले आणि माझा घोळ झाला. मी एकच आवाज धरून पुढे गेलो. बजरंगची घडी सुटली. मी थांबलो, म्हणालो, "माझा एक आवाज हुकला. ज्याचा होता त्यानं परत बोलावं." तो परत बोलला. भाव मागे घेऊन पुन्हा पुढे नेला. पूर्वी मी असं केलं असतं तर हसले असते. काल कुणी हसलं नाही. मला वाटतं, सगळे आकडा ऐकण्यात गुंतले होते. शेतकऱ्यांना त्यांच्या कांद्याचा भाव चढताना आजवर ऐकूच येत नव्हता. त्यांना फक्त माझा आवाज यायचा.

छगनशेठवर भाव थांबला. पूर्वी मी इथे एकदा सगळीकडे नजर फिरवायचो आणि थाप मारायचो. नजर फिरवली म्हणजे सगळे बघून झाले, असं माझं मला वाटायचं. काल नजर फिरवण्यात अर्थ नव्हता. मी एकदा पुकारलं आणि थांबलो. दुसऱ्यांदा पुकारलं आणि थांबलो. तिसऱ्यांदा पुकारलं आणि थाप मारायला हात उचलून तसाच उभा राहिलो. एवढं थांबणं आमच्या बाजारात कुणी कधी थांबलेलं नाही. मागून कुणी खोकला. एका गाडीवाल्यानं इंजिन बंद केलं. आदिनाथअण्णा पुटपुटले, मारा आता.

कानिफनाथ बोलला. छगनशेठच्या वर.

मी छगनशेठला विचारलं, तोंडानं विचारलं. तो म्हणाला, "घेऊ द्या त्यांना. चांगला माल हाय." मी पुन्हा थांबलो आणि मग थाप मारली.

बजरंग वक्कलापासून बाजूला झाला. हमालांना म्हणाला, उचला. मी पुढच्या वक्कलाकडे निघालो तर तो माझ्याआधी तिथे जाऊन डाव्या कडेला उभा राहिला. ते वक्कल त्याचं नव्हतं. दिवसभर तो तिथेच होता. सगळा माल विकला गेला, वाद झाला नाही. संध्याकाळी आदिनाथअण्णांनी काट्यावर दुसरा माणूस बसवायचा निरोप दिला.

डॉक्टर म्हणाले आहेत, पुढे आवाजही बारीक होऊ शकतो. त्यासाठी मोठ्यानं बोलायचा सराव दिला आहे. रोज सकाळी मी परड्यात उभा राहून भाव पुकारतो. समोर सुरेखाची मेथी असते, ती चढत नाही. शनिवारी पुन्हा बाजार आहे. कानिफनाथचा निरोप आला आहे की त्याच्या ओळखीचे आणखी दोघे शेवगावहून येणार आहेत.

तुझा वैजू